पुढच्या ओळीचा धोटा

मी धोटा. नुसतं 'बोलतोय' म्हणायला मला जड जातं, कारण माझं सगळं आयुष्य आपटण्यात गेलं. आधी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, या टोकाकडून त्या टोकाला, नंतर एका लाकडी फळीवर. आता मी कुठंच आपटत नाही. कापडी पिशवीत, खिळ्याला टांगून आहे आणि माझ्या अंगावर सोनेरी रंग आहे. लोकांना तो रंग शोभिवंत वाटतो. मला त्याची लाज वाटते.

धोटा म्हणजे काय, हे अंगात कपडे घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. नसतं. सदरा शिवणाऱ्या शिंप्याचं नाव तुम्ही कौतुकानं सांगता. कापड विणलं कुणी, असं विचारलं की गप्प बसता. तर ऐका. माझं अंग कठीण लाकडाचं, होडीसारखं. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, पोटात खाच. त्या खाचेत सूत गुंडाळलेली कांडी बसते. उभ्या धाग्यांच्या मधून मी धावतो आणि मागं आडवा धागा सोडत जातो. तेवढंच माझं काम. पण ते दिवसरात्र चालतं आणि त्याचा आवाज होतो.

भिवंडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला नसाल, तर त्या आवाजाची कल्पना मी देऊ शकत नाही. हातभर अंतरावरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून शेडमध्ये माणसं ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, एकेक अक्षर ओठांवर घडवायचं, जोडीला भुवया आणि हात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूबद्दल वाट्टेल ते सांगते आणि मध्ये उभ्या असलेल्या शेठला पत्ता लागत नाही. काही वर्षांनी कान जातात. मग हीच बोली घरी येते आणि मरेपर्यंत पुरते. कान गेले म्हणून कुणाला भरपाई मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मी ज्या लूमवर धावत होतो तो बाळाराम चालवायचा. बाळाराम भिवंडीचाच, बौद्ध वस्तीतला. आई-बाप लवकर गेले, त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, शेवंतानं. शेवंता त्याच शेडमध्ये कोपऱ्यात बसून कांड्या भरायची. चाळिशी यायच्या आत तिचे दोन्ही कान गेले. त्याबद्दल ती रडली नाही. उलट म्हणायची, "बरं झालं, शेठच्या शिव्या ऐकायचं वाचलं."

चौऱ्याऐंशी साली शहरात जी दंगल झाली, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. मी तो काळ बंद शेडमध्ये, अंधारात काढला. लूम पुन्हा सुरू झाले, त्यानंतर काही महिन्यांनी माझा अपघात झाला. धागा अडकला, मी उसळून बाहेर उडालो आणि भिंतीवर आदळलो. कुणाला लागलं नाही हे नशीब. माझ्या भाऊबंदांनी माणसांचे डोळे घेतलेले आहेत. माझ्या कुशीला चीर गेली. चिरेत सूत अडकतं, म्हणून असा धोटा भंगारात टाकतात. मलाही टाकलं.

तिथून मला उचललं हिरामणनं. हा शेडमधला जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. त्यानं सहज मला बाकावर ठोकलं आणि कान टवकारले.

"बाळाराम, चिरला म्हनून ह्याचा आवाज फुटलाय बघ. मानूस खाकरल्यावानी वाजतो."

तिथून आमचं कलापथक सुरू झालं.

शुक्रवारी भिवंडीची वीज बंद असायची, लूम थांबायचे. दुपारी चाळीमागच्या मोकळ्या जागेत मंडळी जमायची. पेटी नाही, तबला नाही. हिरामण जमिनीवर एक लांब फळी टाकायचा आणि तिच्या एका टोकावर मला आपटायचा. चाल लूमचीच. बाळाराम गळ्याच्या शिरा ताणून गायचा आणि शब्द शेवंताचे. ती लिहीत नसे. कांड्या भरता भरता शेडच्या कोपऱ्यातून नुसत्या ओठांनी भावाला ओळ सांगायची, तो लूमवरून ती उचलायचा.

आमच्यात एक रीत होती. पुढची ओळ बहिऱ्यांची. ज्यांचे कान गेले ते सगळ्यांत पुढं, जमिनीवर, फळीच्या कडेनं बसत. ते बाळारामचे ओठ वाचत आणि तळहात फळीवर टेकवत. माझा ठोका लाकडातून थेट त्यांच्या हातात जाई. शेवंता तिथं बसे. शेजारी करामत चाचा बसत, आझमगढकडून आलेले म्हातारे विणकर. त्यांना मराठी अर्धीच यायची. "बालाराम के होंठ साफ हैं," ते सांगायचे, "उर्दू जैसे दिखते हैं."

एक गाणं सगळ्यांना पाठ होतं. शेडमध्ये उडणारा कापूस कामगारांच्या नाकात बसे आणि शेठ लोक कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचून तिथं येत. शेठ सगळ्या जातिधर्मांचे होते. फाया मात्र एकच. त्यावर शेवंतानं बांधलं होतं:

"आमच्या नाकात कापूस, शेठ, तुझ्या कानात फाया,
आमचे कान गेले, शेठ, तुझे कशाला वाया?"

हे गाणं झालं की पुढची ओळ दोन्ही हातांनी फळी बडवायची. ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांनी केलेला तो गोंगाट! तसा मान मला पुन्हा कुठंच मिळाला नाही.

गावात सुरेल गाणाऱ्या पार्ट्या होत्या. त्यांना आम्ही डोळ्यांसमोर नको असायचो. एका जयंतीला त्यांच्यातल्या एका पेटीवाल्यानं हिरामणला हटकलं, "काय रे, तुम्ही गाता का भांडता?"

"भांडतो," हिरामण म्हणाला. "तुमाला त्यात गानं पन ऐकू आलं काय? मंग फुकट मिळालं समजा."

दिघाशी गावात एकदा आमचा कार्यक्रम झाला. तिथं चांगदेव आला होता. दापोड्याचा माणूस, ट्रान्सपोर्टचा धंदा होता आणि नुकतीच त्यानं कॅसेट कंपनी काढली होती. चांगदेवला मी खलनायक करणार नाही, ते फार सोपं आहे. त्या दिवशी त्याच्या अंगावर खरोखर काटा आला होता. मी पाहिलं.

"बाळारामभाऊ," तो म्हणाला, "हे गाणं दिघाशीच्या वेशीबाहेर कोण ऐकतो? कॅसेट काढू. ट्रकमधे वाजल, टपरीवर वाजल, शेठच्या गाडीत वाजल."

"शेठच्या गाडीत?" हिरामण हसला. "शेठ काय येडा हाय स्वतःचीच आब्रू वाजवायला?"

"थोडं गोड करावं लागल," चांगदेव म्हणाला. "एका बाजूला लोकांना आवडतात तशी गाणी. दुसरी बाजू तुमची, जशीच्या तशी. पहिली बाजू गिऱ्हाईक आणल, दुसरी बाजू त्याला शहाणं करल."

बाळारामला ते पटलं. घरी आल्यावर त्यानं ओठांनी शेवंताला सगळं सांगितलं. गोड करण्याचं तेवढं सांगितलं नाही. ती खूष झाली. "जा की," म्हणाली. "शेठच्या कानातला फाया काढायला मोठाच आवाज पायजे. आपली फळी कुठवर पुरनार?"

मला लोक विचारतील, गरिबानं मोठं होऊ नये काय? फळीभर माणसांपुढंच आयुष्यभर गात राहावं काय? अजिबात नाही. ज्यांची पोटं भरलेली आहेत ते कलावंताला 'विकला गेलास' म्हणताना फार लवकर तोंड उघडतात. मोठा आवाज हवा, लांब पोचायला हवं, यात शेवंतालाही पाप दिसलं नव्हतं. पाप दुसरीकडं होतं. ते अजून व्हायचं होतं.

एकोणनव्वद साली मुंबईत रेकॉर्डिंग झालं. बंद खोली, भिंतींना गालिचे. बाळारामनं तोंड उघडलं आणि काचेपलीकडचा माणूस वैतागला.

"अहो, एवढा जबडा कशाला फाडता? माईक जवळ घ्या. ओठ टेकवाच. कानात सांगितल्यासारखं म्हणा."

हिरामणनं मला ठोकलं. तो माणूस म्हणाला, "हे लाकूड नको. ऑक्टोपॅडवर याच्याहून चांगलं लाकूड आहे." मग यंत्रावरच्या रबरी चकतीवर कुणीतरी काठी टेकवली आणि माझा आवाज आला. चीर नसलेला, धुतलेला, इस्त्री केलेला. हिरामणनं मला बाळारामच्या पिशवीत टाकलं आणि भिवंडीची एसटी पकडली. त्याला लूम दुरुस्त करायचे होते.

आणि ते गाणं गोड झालं:

"माझ्या नाकात नथनी, राया, तुझ्या कानात फाया,
ज्वानी माझी साजणा, नको घालवू वाया."

गाजलं म्हणजे काय गाजलं! लग्नाच्या वराती, पूजा, हळदी, वळ गावच्या गोदामांतले हमाल, नाक्यावरचे रिक्षावाले, सगळीकडं नथनी. दुसरी बाजूही छापली होती, चांगदेवनं शब्द पाळला. पण ती बाजू कुणी लावलीच नाही. पहिली बाजू संपली की माणसं कॅसेट मागं फिरवून पुन्हा पहिलीच लावत.

बाळारामनं लूम सोडला. रंगीत सदरे आले, फोटो आले. चांगदेवनं मला सोनेरी रंग दिला. "कामगाराचं प्रतीक आहे, दिसायला पायजे," म्हणाला. मग प्रत्येक कार्यक्रमात मी मखमलीच्या तुकड्यावर मिरवू लागलो. माझ्यामागं ऑक्टोपॅड माझा आवाज काढायचा आणि लोक माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायचे. मुका असून वाहवा घेणं किती हलकं असतं, ते अनुभवाशिवाय कळत नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. शेवंताला कुणी सांगितलंच नाही.

ती कॅसेट ऐकू शकत नव्हती. चाळीसमोरून वरात जायची, पोरं बेभान नाचायची आणि शेवंता दारात येऊन बाळारामला ओठांनी विचारायची, "माझं हाय?"

"तुझंच, आक्का," तो म्हणायचा.

"समजतंय ना रं त्यांना? नुसतं नाचत्यात."

"समजतंय."

ती समाधानानं मान हलवायची. सगळ्या तालुक्यात आपली ओळ गाजते आहे, शेठच्या दारात जाऊन 'आमचे कान गेले' म्हणते आहे, असं त्या बाईला काही वर्षं वाटत राहिलं. हिरामणला माहीत होतं. त्याला वाटलं, भावानं सांगावं. शेजाऱ्यांना वाटलं, हिरामण सांगेल. पुढच्या ओळीतले बाकीचे तिच्यासारखेच बहिरे. असं फसवणं कुणी ठरवून करत नाही, म्हणून तर ते इतकं टिकतं.

त्र्याण्णव साली भिवंडीत बाळारामचा सत्कार ठेवला. शुक्रवार, दुपारची वेळ, मोठा मांडव, वीज नाही म्हणून मागं जनरेटर. पुढं पाहुण्यांचे सोफे. जुन्या मंडळींना वाटलं, आपला बाळाराम गातोय म्हणजे आपली जागा ठरलेली. ती येऊन सोफ्यांच्याही पुढं जमिनीवर बसली.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. "ओ मावशी, पाहुण्यांना दिसत नाही. मागं चला."

शेवंतानं त्याचे ओठ वाचले. "पाहुण्यांचे कान धड हायेत ना?" ती म्हणाली. "त्यांना दिसायची काय गरज? ऐका म्हनावं." बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. सोफ्यावरचे हसले आणि ती तिथंच बसली. गुडघ्याशी तिनं हात फिरवून बघितला. फळी नव्हती.

बाळाराम आला. माईक ओठांना लावून त्यानं सुरू केलं. मांडव डोलायला लागला. पुढची ओळ मात्र गोंधळली. त्यांना दिसत होता एक काळा गोळा आणि त्यामागं अर्धं तोंड. शेवंता मान वाकडी करून एका बाजूनं बघायची, मग दुसऱ्या. करामत चाचांना तिनं खुणेनं विचारलं, काय म्हणतोय? चाचांनी छातीवर हात ठेवला. "यहाँ धमधम हो रहा है, बस."

मग ती ओरडली, "बाळ्या, ते काढ तोंडावरनं! ओठ दिसंनात!"

मांडव खदखदला. सोफ्यावरच्या एकानं विचारलं, "कोण आहे ही बाई?"

बाळारामनं बहिणीकडं पाहिलं. माझ्यापासून तो दोन पावलांवर होता. त्याचा चेहरा मी जवळून बघितला. त्यात लबाडी नव्हती, नुसती माया होती. इतकी वर्षं गाणारा हा माणूस त्या क्षणी काय गातोय तेच विसरला. त्यानं माईक छातीपाशी खाली घेतला, तोंड पहिल्यासारखं मोठं उघडलं आणि शेडमधल्यासारखी, अक्षर न् अक्षर घडवून, ओळ म्हटली. माझ्या नाकात नथनी, राया.

मागून आरडाओरडा झाला, "आवाज! आवाज!" चांगदेव कडेनं हात वर वर करत होता. बाळारामनं माईक पुन्हा ओठांना लावला.

पण शेवंतानं वाचलं होतं. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं, ओठ हलवत सोबत गाणाऱ्या पोरांकडं, नाचणाऱ्या बायांकडं. प्रत्येकाच्या ओठांवर नथनी होती. वरातींमध्ये तिनं नाचणारे पाय पाहिले होते. गाणाऱ्यांची तोंडं अशी जवळून कधी पाहिली नव्हती. मग पदर सावरून ती उठली. तिच्यामागून करामत चाचा, मग एकेक करून सगळी पुढची ओळ. भांडण नाही, काही नाही. सोफ्यावरच्यांना आता नीट दिसू लागलं.

बाळाराम घरी आला तेव्हा ती चूल सारवत होती. त्याच्या हातात शाल होती, पिशवीत मी.

"नथनी कुनाची रं?" तिनं विचारलं.

त्यानं शाल खुंटीला अडकवली.

"माझ्या नाकात कधी नथ बघितलीस?"

"आक्का, दुसऱ्या बाजूला हाय तुझं गानं. जसंच्या तसं हाय. आनतो, दावतो."

"काय म्हनतोस? मोठं बोल. ओठ हलत न्हाईत तुझं." त्यानं पुन्हा सांगितलं. माईकपाशी ओठ मिटून गाणाऱ्या त्या तोंडाला आता मोठं उघडायची सवय राहिली नव्हती. तिसऱ्यांदा तिला समजलं.

"दुसऱ्या बाजूला हाय," ती म्हणाली. "मंग इतकी वर्सं मला कंची बाजू सांगत व्हतास?"

तुम्ही म्हणाल, लोकांच्या आवडीसाठी दोन शब्द बदलले, त्यात काय एवढं? बदला. विकायला बसलात तर खुशाल विका. पण जिचं आहे तिला डोळ्यांत बघून सांगा, की बाई, तुझं मी विकलं. तेवढंही ज्याला जमत नाही, त्यानं लोकांपर्यंत पोचलो असं म्हणू नये. घरातल्या माणसापर्यंत तो पोचला नव्हता.

पुढं ती भावाशी तुटून वागली नाही. जेवायला वाढायची, तब्येत विचारायची. गाण्याचा विषय तेवढा संपला. बाळाराम कल्याण रोडला नव्या खोलीत राहायला गेला. नथनीच्या मागं दुसऱ्या कुणाचं पैंजण गाजलं आणि चांगदेव तिकडं वळला. ते व्हायचंच होतं, त्याचं मला सुख नाही, दुःखही नाही.

मग एका शुक्रवारी हिरामण भेटला आणि म्हणाला, "चाळीमागं पुन्यांदा चालू केलंय आमी. ये कधीतरी."

"गातो कोन?" बाळारामनं विचारलं.

"ये म्हनलं ना."

पुढच्या शुक्रवारी तो गेला. मला पिशवीत घेतलं. परत द्यायला असेल, असं मी समजलो. लांबूनच फळीचा ठोका ऐकू आला. हिरामण नुसत्या मुठीनं फळी बडवत होता. आणि आवाज आला शेवंताचा. ती बाई जन्मात कधी गायली नव्हती. स्वतःचा सूर तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळं तो कुठंही जात होता, वर, खाली, भसाडा. कुठल्याही कॅसेट कंपनीनं तिला दारात उभं केलं नसतं. पण गाणं पूर्ण होतं. नाकात कापूस होता, कानात फाया होता, शेठ शेठच होता. संपलं तशी फळी दोन्ही हातांनी बडवली गेली. पिशवीतसुद्धा माझ्या लाकडात तो ठोका उतरला.

बाळाराम सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभा होता. त्याचा हात पिशवीच्या तोंडाशी आला. गाठ सुटतेय असं मला वाटलं. तेवढ्यात तो थबकला आणि स्वतःशीच पुटपुटला, "म्होरं ये म्हनते." शेवंतानं त्याला पाहिलं होतं. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून, शेडमध्ये बोलायची तशी, नुसत्या ओठांनी बोलली होती. मागच्यांपैकी त्याच्याशिवाय ते कुणालाच कळलं नाही.

तो पुढं गेला नाही. लाजला. मागं फिरून भराभर चालत खोलीवर आला आणि मला खिळ्याला अडकवलं.

तेव्हापासून मी इथं आहे. सत्त्याण्णव साल चालू आहे. सोनेरी रंगाचे पोपडे निघायला लागले आहेत, ते बरंच आहे. बाळाराम रोज एकदा पिशवीकडं बघतो आणि नजर काढून घेतो. माझं ऐकू जाईल असं माणूस जवळपास दुसरं नाही, म्हणून त्यालाच सांगतो.

बाळाराम, उद्या शुक्रवार आहे. पिशवी काढ. मला हिरामणच्या हातात दे. गायला जमत नसेल तर गाऊ नको, माफी मागायला तोंड उघडत नसेल तर तेही राहू दे. नुसता पुढं जाऊन बस, करामत चाचांच्या शेजारी, आणि फळीवर हात ठेव.

तिनं बोलावलंय तुला.